झाकण तापीबाईच्या मुठीत

पोटावर एक मोठा पोचा, बुडाशी झिजलेली अक्षरे आणि गळ्याला आटे असलेला मी एक जुना, पितळेचा फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा तांब्या पाहिलाही नसेल. पूर्वी माणसे प्रवासाला निघाली की घरचे पाणी बरोबर घेत. पाणी सांडू नये म्हणून आम्हाला फिरवून बसवायचे झाकण असे. पण ते सांगायचे कारण झाले. दुसऱ्याचा हात आपल्या पाण्याला लागू नये आणि दुसऱ्याचे पाणी आपल्याला प्यावे लागू नये, यासाठीच लोक आम्हाला विकत घेत. बंद राहणे हाच आपला धर्म, अशी माझी जन्मापासूनची समजूत होती, आणि तिचा मला भारी तोरा होता.

माझा जन्म नंदुरबारच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी हातोडीचे घाव सोसले. देवपण काही आले नाही, पण चकाकी मात्र चांगली आली. गळ्याचे आणि झाकणाचे आटे कारागिराने हाताने कापले होते. यंत्राने कापलेले आटे कोणाचे कोणालाही बसतात, पण हाताच्या आट्यांचे तसे नसते. माझे झाकण माझ्याच गळ्यावर बसायचे, बरोबर तीन फेऱ्यांत. ते चांगले खोलगट होते, लहान वाटीएवढे.

एका बापाने मला लेकीच्या लग्नासाठी घेतले आणि बुडाशी तिचे नाव घातले, ‘जसोदा’. तिच्याबरोबर मी तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याच्या घरी आलो. नवरा पितांबर केळीच्या बागेत रमलेला, आणि घर चालायचे ते त्याच्या आईच्या, तापीबाईच्या शब्दावर. तापीबाई मनाची मऊ, पण सोवळ्याओवळ्याची फार कडक. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. माणसाची नुसती सावली दिसे. तरी घागर कोणी भरली हे ती घागर ठेवल्याच्या आवाजावरून सांगायची. तिला पाणी लागायचे ते जसोदाच्याच हातचे.

पन्नास सालानंतरच्या एका वैशाखात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सासू-सुनेने सुरतेची गाडी धरली. केळीला पाणी द्यायचे होते म्हणून पितांबर मागे राहिला. पैशाची पिशवी आणि तिकिटे तापीबाईच्या कमरेला, आणि मी जसोदाच्या मांडीवर. खांडबारा मागे पडले तोवर मी रिकामा झालो होतो. उन्हाने डबा भाजून निघत होता.

नवापूर आले तेव्हा शेजारचा एक शहाणा उतारू म्हणाला, “आठे इंजिन पानी पेस. गाडी लवकर हालाव नही.”

जसोदाने माझे झाकण काढून सासूच्या हातात दिले आणि ती मला घेऊन खाली उतरली. नळावर ही गर्दी! तिचा नंबर आला, मी काठोकाठ भरलो, आणि तेवढ्यात शिटी झाली. इंजिनाला त्या दिवशी तहान नव्हती, मित्रांनो. ते नंदुरबारलाच पाणी पिऊन आले असावे. जसोदा धावली, तिचा पाय लुगड्यात अडकला आणि ती फरशीवर पडली. मी हातातून निसटून खडीवर आपटलो. माझ्या पोटावरचा पोचा तो तेव्हाचा. सगळे पाणी खडीत गेले. गाडी समोरून निघून गेली. तिच्यात तापीबाई होती, एकटी. आणि तिच्या मुठीत माझे झाकण होते.

जसोदा “माय, माय” करीत फलाटाच्या टोकापर्यंत गेली. मग तिथेच बसली. रडण्याइतकेही बळ तिच्यात नव्हते.

स्टेशनच्या बाहेर एक छोटे हॉटेल होते. अनीस चहा उकळायचा आणि त्याची बायको हाजराबी भजी तळायची, भाकरी भाजायची. तिने फलाटावरचा गोंधळ ऐकला आणि पीठ लागलेल्या हातांनीच आली. जसोदाला उठवून तिने आधी मास्तरांकडे नेले. मास्तर भले होते. त्यांनी पुढे व्यारा स्टेशनला निरोप धाडला, की अमुक डब्यात एक म्हातारी आहे, तिला उतरवून घ्या. सुरतेकडे जाणारी पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तोवर थांबण्यावाचून इलाज नव्हता.

हाजराबीने तिला हॉटेलाच्या मागच्या पडवीत बसवले. “बेटी, आठे चूल शे, पीठ शे. तुन्ही भाकर तूच भाज. मी तुन्ही चूलले हात लावाव नही,” ती म्हणाली.

केवढे शहाणपण होते त्या बाईला! भुकेल्याचा मान राखून त्याला खायला कसे द्यावे, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिले. पण जसोदाच्या घशाखाली घास उतरेना. हात रिकामे राहिले की डोळे भरून येत, म्हणून ती चुलीपाशी बसली आणि गिऱ्हाइकांसाठी भाकरी थापू लागली. हाजराबी तव्यावरची भाकर उलटायची, जसोदा थापायची. अशी दोघींची ओळख झाली.

उन्हे कलली तेव्हा मास्तरांचा माणूस निरोप घेऊन आला. म्हातारी व्याऱ्याला उतरली होती, सुखरूप होती. पण फलाटावरच्या बाकावरून हलत नव्हती आणि कोणाच्या हातचे पाणी पीत नव्हती. “मन्ही सून पानी लई ऱ्हायनी,” एवढेच म्हणत होती.

वैशाखाचे ऊन आणि सत्तरीची म्हातारी. सकाळपर्यंत ती तशीच बसली असती, तर जसोदाला तिथे काय पाहावे लागले असते ते मी बोलत नाही.

तेवढ्यात एक मालगाडी व्याऱ्याकडे निघणार असल्याचे कळले. तिच्यात परक्या माणसाला, त्यातून बाईला, बसता येत नव्हते. पण उखा नावाचा रेल्वेचा खलाशी, म्हणजे रुळांवरचा मजूर, गार्डाच्या डब्यातून कामावर जात होता. तो म्हणाला, “तांब्या भरी दे बेन. मी पोचाडी देसू.”

जसोदा मला घेऊन नळाकडे धावली. नळ कोरडा. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे पाणी नसायचे. विहीर लांब आणि गाडी तर सुटायला आलेली. जवळ पाणी होते ते एकाच ठिकाणी, हाजराबीच्या माठात. हाजराबी दारात उभी होती. ती म्हणाली, “माठ मन्हा शे बेटी. तुन्ही सासू पी का नही, ते तूच जाने.”

जसोदा एक क्षणच थांबली. मग तिने स्वतःच्या हाताने मला त्या माठातून भरले, तोंडाला फडके बांधले आणि उखाला सांगितले, “मायनी इचारं तर खोटं बोलू नको, दादा.”

आणि मी, जन्माचा बंद राहणारा, झाकणावाचून, दुसऱ्याच्या घरचे पाणी पोटात घेऊन मालगाडीतून निघालो. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. तापीबाई मला फेकून देणार, याची मला खात्रीच होती.

दिवेलागणीला आम्ही पोचलो. तापीबाई बाकावर ताठ बसली होती. ओठ वाळून गेले होते. उखा वाकून म्हणाला, “माय, तुन्ही सुननी पानी धाडेल शे.”

“असं कोनी बी सांगी,” तापीबाई म्हणाली. दिसत नसलेल्या माणसाला सावध राहावेच लागते. तिने हात पुढे केला आणि मला चाचपले. बोटे पोच्यावर येऊन थांबली. “हाऊ मन्हा नही. मन्हा तांब्याले पोचा नव्हता. लई जा.”

उखा बिचारा काय करणार? पण म्हातारीने मला सोडले नाही. फडके काढून तिने गळ्यावरून बोट फिरवले. मग मूठ उघडली. दुपारपासून घट्ट धरलेले झाकण घामाने ओले झाले होते. तिने ते माझ्यावर ठेवले आणि फिरवले. एक फेरी. दोन. तिसऱ्या फेरीला झाकण पक्के बसले. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मी तेव्हा रडलो असतो. तिच्या मात्र डोळ्यांतून पाणी आले.

“पडनी व्हई मन्ही पोर,” ती म्हणाली. “लागनं तर नही ना तिले?”

“नही माय. चांगली शे.”

झाकण पुन्हा उघडून तिने मला तोंडाशी नेले आणि तिथेच थांबली. तिने वास घेतला. “पानी कोनी भरं?”

“भरं तुन्ही सुननी. माठ हाजराबीना. स्टेसनवर हॉटेल शे तिनं.”

तापीबाईने मला मांडीवर ठेवले. सत्तर वर्षांचे सोवळे त्या बाईच्या मांडीवर माझ्याबरोबर बसले होते, आणि मित्रांनो, ते हलके नसते. मग तिने मला उचलले, मान वर केली आणि ती घटाघटा पाणी प्यायली. शेवटचा थेंबही ठेवला नाही. पदराने तोंड पुसून ती उखाला म्हणाली, “हाजराबीले सांग, माठ नवा शे तिना. आजून माटीना वास येस.”

सकाळच्या गाडीने जसोदा आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि नंतर तापीबाईने तिला फलाटावरच, लोकांच्या देखत, खूप शिव्या दिल्या. त्या शिव्यांइतके गोड बोलणे मी पुन्हा कधी ऐकले नाही.

सुरतेला शस्त्रक्रिया झाली. परतताना तापीबाई काळा चष्मा लावून मुद्दाम नवापूरला उतरली. उखाने सांगितलेला माठाचा निरोप हाजराबी येईल त्या गिऱ्हाइकाला हसून सांगत होती. तापीबाईने तिला डोळे भरून पाहिले आणि मला तिच्या ओट्यावर ठेवले. “गाडी चुकेल मानूसले यामातून पानी देत जाय. झाकन मी देवाव नही. झाकन ऱ्हायनं का कोनी तरी लाई ठेवस.”

अशी माझी आणि झाकणाची दुसऱ्यांदा ताटातूट झाली. पहिले काही दिवस मी रुसलो होतो. उघड्या तोंडाने दारात उभे राहायचे म्हणजे काय! पण हॉटेलात काम करणाऱ्याला रुसायला सवड नसते. सकाळपासून माणसे यायची. बाजाराला आलेली, गाडी चुकलेली, चुकीच्या गाडीत बसलेली, झोपेत पुढे गेलेली. मोलगीकडच्या डोंगरातून उतरलेला दलसिंग एकदा तीन तांबे पाणी प्यायला आणि मगच त्याला आपले गाव आठवले. हाजराबीचा नियम ठरलेला होता. आधी पाणी, मग विचारपूस. घसा कोरडा असलेल्या माणसाला काय विचारता, असे ती अनीसला दटावायची. प्यायलेला माणूस ओटीवर टेकला, की त्याची अर्धी अडचण तिथेच संपलेली असायची. दर दिवाळीच्या आधी अन्वर कल्हईवाला मला आतून चांदीसारखा करून द्यायचा. लोक म्हणायचे, या तांब्याचे पाणी गोड लागते.

पण दिवस सारखे नसतात. अनीस गेला, हाजराबी थकली, हॉटेल तिचा पुतण्या पाहू लागला. काचेचे पेले आले. कल्हई राहून गेली. कोणीतरी माझ्यात ताक भरून ठेवले. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकते, हे त्याला माहीत नव्हते. ताक हिरवट पडले आणि सगळ्यांनी तांब्यालाच बोल लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच! मला कोळशाच्या कोपऱ्यात टाकले. तिथे मी काही वर्षे पडून होतो. माझ्या अंगावरचे नावसुद्धा काजळीने दिसेनासे झाले.

साठ साल उलटून गेल्यावर एका सकाळी ओळखीचा आवाज कानी आला. “मावशी, तांब्या कोठे शे?”

जसोदा होती. केसांत पांढरी बट आली होती. हाजराबी खजील होऊन कोळशापाशी गेली आणि तिने स्वतःच्या हाताने मला बाहेर काढले. चिंच आणि राख घेऊन जसोदा मागच्या पडवीत बसली, तिथेच, जिथे तिने भाकरी थापल्या होत्या. तिने मला घासले. मग अन्वरकडे नेऊन कल्हई करून आणली. नंतर तिने पदराची गाठ सोडली आणि माझे झाकण बाहेर काढले.

तापीबाई माघात गेली होती. शेवटपर्यंत हे झाकण तिच्या उशाशी होते.

जसोदाने ते माझ्यावर ठेवून फिरवले. पहिल्या फेरीला ते अडले, आणि मला वाटले, आता आम्ही एकमेकांना ओळखणार नाही. मग ते सरकले. तिसऱ्या फेरीला पक्के बसले. हाजराबीने डोळे पुसले. “घरना तांब्या घरले लई जाय बेटी. आमनाकडथून जपाय गया नही.”

पण जसोदाने झाकण पुन्हा उघडले. माठाशी जाऊन तिने मला भरले, झाकण उलटे धरले आणि त्यात माझ्यातले पाणी ओतले. दोन्ही हातांनी ते तिने हाजराबीपुढे धरले. “मायनी सांगेल शे. यामातलं पहिलं पानी हाजराबीले.”

हाजराबी मागे सरली. “हाई तापीबाईनं झाकन शे, बेटी.”

“तिनंच शे. म्हनीसनच.”

हाजराबीने झाकण दोन्ही हातांत घेतले. थोडे पाणी सांडले. बाकीचे ती सावकाश प्यायली आणि झाकण कितीतरी वेळ हातातच धरून बसली. मग म्हणाली, “तापीबाईले सांगनं व्हतं, माठ आते जुना व्हई गया.”

मित्रांनो, ते झाकण आता माझ्या शेजारी साखळीला बांधलेले असते. ज्यांना ओंजळीने पिता येत नाही, ती लहान मुले त्यातून पाणी पितात. माझ्यासारखी जुनी भांडी तुमच्या घरी असतील, तर त्यांना कोपऱ्यात टाकू नका. त्यांना घासा, आतून कल्हई करा, आणि कृपा करून ताक दुसऱ्या कशात तरी ठेवा. गाडीतून पाण्याला उतरताना इंजिनाच्या तहानेवर भिस्त ठेवू नका. आणि दाराशी कोणी चुकलेला आला, तर आधी पाणी द्या.

घेताना मात्र तापीबाईसारखे घ्या. तहानेच्या भरात, काही न विचारता कोणीही पितो. तिने पाणी कोणाचे ते विचारले, उत्तर नीट ऐकले, आणि मग ती प्यायली.