अंदाजे लिहा

अकरा वर्षं माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. खोटं वाटत असेल तर आमच्या घरच्या डासांना विचारा. मी झोपायची वाट बघून बघून तेच माझ्या उशीवर घोरायचे.

मी घड्याळजी. महिन्यापूर्वी केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवताना हात थरथरला आणि ती उडाली ती थेट चिरंजिवांच्या चहात.

"बाबा, महिन्याभरात झोप सुधारली नाही, तर तुमचं टेबल मी आवरणार. तुम्ही गल्ल्यापाशी बसून सेल बदला."

सेल! मी!

तणतणत झोपेचे उपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो, चिरंजिवांची टेबलाची धमकीही सांगितली. वाटलं, गोळ्या देतील. दिली एक वही.

"झोप कधी लागली, जाग कधी आली, रोज लिहा. रात्री एकच्या आत आडवं व्हायचं नाही, सहाला उठायचं. पडून झोप येईना तर सरळ उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. दुपारची डुलकी बंद."

"झोप येत नाही म्हणून आलो, आणि तुम्ही झोपूच देणार नाही?"

"काका, अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, असं तुमच्या मनानं घेतलंय. ते मोडायचंय."

दात-ओठ खात सगळं पाळलं. आठवड्यानं बाईंनी वही उघडली.

"एक वाजून बेचाळीस मिनिटं, सतरा सेकंद? झोप लागल्याचा सेकंद कसा कळला तुम्हाला?"

"उशाशी तीन घड्याळं आहेत. डोळा लागतोय असं वाटलं की उघडून बघतो."

"आणि मग?"

"मग काय, जाग येते."

बाईंनी कपाळाला हात लावला. "घड्याळं आजच्या आज खोलीबाहेर! वेळ सकाळी लिहायची. अंदाजे."

"अंदाजे?" मी ताडकन उठलो. "पन्नास वर्षांत हा शब्द मी दुकानाची पायरी चढू दिला नाही!"

"मग टेबल द्या मुलाला."

घरी येऊन घड्याळं बाहेर काढली. पुढचे दहा दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. मग एका रात्री खुर्चीत अशी जड झोप आली की खुर्चीचे पाय फरशीत बोटभर रुतले. एक वाजेपर्यंत कसाबसा तग धरला आणि पडलो. सकाळी चिरंजीव हलवून विचारतात, "कधी झोपलात?"

"मला काय ठाऊक!" मी खेकसलो. वहीत लिहिलं, 'अंदाजे सव्वा'. लाज वाटली. पण त्या आठवड्यात चार स्प्रिंगा बसवल्या, एकही हलली नाही. चिरंजीव शेजारी उभे राहून बघत होते. टेबलाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी मात्र बाईंवर चढलो. "तुमच्याआधी तीन डॉक्टर झाले, पोतंभर गोळ्या झाल्या! उशाशी काय ठेवता, एवढं एकालाही विचारता येऊ नये?"

"बरोबर आहे तुमचं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता झोप नीट लागतेय, तेव्हा तुमची वेळ वाढवते. आजपासून पाऊण वाजता झोपा."

"पंधराच मिनिटं?" मी टेबलावर मूठ आपटली. "अकरा वर्षं जागा होतो मी, बाई!"