पाचशेच्या आत

तुरुंगात गरीब असणं म्हणजे काही मोठी कर्तबगारी नव्हे, असं मास्तरांना आजवर वाटत आलं होतं. मास्तर म्हणजे शिंपी. बाहेर त्यांचं दुकान होतं, आत आल्यापासून ते कैद्यांचेच कपडे शिवत. भागीदाराचं गोदाम पेटवल्याबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा आणि वर घसघशीत दंड झाला होता. गोदाम जळालं त्या दुपारी मास्तर गावाच्या दुसऱ्याच टोकाला एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेत होते. पण कोट घेऊन ते गिऱ्हाईक जे परगावी गेलं, ते साक्षीला उगवलंच नाही. आता त्याचा पत्ता लागला होता, तो बोलायलाही तयार होता. म्हणून वरच्या कोर्टात अपील करायचं होतं. मुदतीला जेमतेम दीड आठवडा उरला होता, शेवटचा दिवस गुरुवार. अपिलाची फी नऊशे, आणि ती कैद्याच्या तुरुंगातल्या खात्यातूनच भरायची असा नियम.

खात्यात होते तीनशे दहा.

रविवारी ताई भेटायला आली तेव्हा मास्तरांनी तिला नऊशेचं सांगितलं. मागायला म्हणून नाही, आपलं मन मोकळं करायला. ताई लाँड्रीत इस्त्री करायची. तिने नुसती मान हलवली. तिच्या त्या मान हलवण्याचा अर्थ मास्तरांनी लहानपणापासून ओळखायला हवा होता. आई गेल्यावर तिनेच तर त्यांना वाढवलं होतं.

"तोंड पाडून काय बसलायस?" सोमवारी बराकीतला म्हातारा म्हणाला. तीन अपिलं हरल्यामुळे त्याला सगळे वकील म्हणत. "खात्यात पाचशेच्या आत असतील तर फी माफ. हिशेबाच्या खिडकीवरच्या कारकुनाकडून दाखला घे, अर्जाला जोड, झालं!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. खिडकी बुधवारी उघडायची. बुधवारी ते रांगेत पहिले.

"दाखला नाही मिळणार," कारकून वही उलटत म्हणाला. "खात्यात सातशे साठ आहेत."

"माझ्या? अहो, तीनशे दहा!"

"काल बहिणीचे नऊशे आले. बाहेरून आलेल्यातले अर्धे दंडात जातात. उरले चारशे पन्नास. करा बेरीज."

मास्तरांनी बेरीज केली. दोनदा केली. "मग फी भरून घ्या."

"नऊशे कुठायत?"

"मग माफ करा."

"पाचशेच्या वर आहात."

शिंप्याला माप चुकणं नवं नसतं. कापड कमी पडतं, नाहीतर उरतं. पण एकाच वेळी कमी पडणारं आणि उरणारंही कापड मास्तरांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते खिडकीशी नुसते उभे राहिले. मागच्याने ढोसलं तेव्हा कुठे हलले.

तोडगा वकिलानेच काढला. जास्तीचे घरी पाठवून द्यायचे. मास्तरांनी लगेच फॉर्म भरून ताईला तीनशे पाठवले. पैसे तिच्या हातात पडल्यावर ते खात्यातून वजा होणार, म्हणजे दाखला पुढच्या बुधवारी. एक दिवस हातात ठेवून का होईना, पण मिळणार.

पुढच्या बुधवारी कारकुनाने वहीतून डोकं वर काढलं तेच हसत.

"सहाशे दहा."

"चारशे साठ हवेत!"

"होते. बहिणीने तीनशे परत पाठवले. अर्धे दंडात, दीडशे तुम्हाला. प्रेमळ बाई आहे हो."

मास्तर मटकन खालीच बसले. आयुष्यभर चार पैसे जमेनात म्हणून रडलो, आणि आता ते हाकलूनही जाईनात! कारकुनालाही दया आली. तो म्हणाला, "ते दीडशे दंडात जमा करा. आत्ताच्या आत्ता वजा होतील."

"हे गेल्या बुधवारी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" कारकुनाने माफीच्या अर्जाचा फॉर्म पुढे सरकवला. "आणि हे बघा. सध्या मदत करणारे नातेवाईक, असा रकाना आहे. मदत चालू असेल तर माफी नाही. बहिणीला आधी थांबवा. फोन करा, मग लिहा."

फोनला तीन मिनिटं मिळायची.

"ताई, पैसे पाठवू नकोस."

"अरे, परत का पाठवलेस? कमी पडले का? मी जादा पाळी घेतलीये, आणखी..."

"नको! तुझे पैसे आले की मी गरीब राहत नाही."

"असा कसा राहत नाहीस? आपण श्रीमंत कधी होतो?"

"तसं नाही गं. अर्धे दंडात जातात, उरलेल्यात फी भागत नाही, पण माफही..."

"मग दुप्पट पाठवते की!"

फोनमध्ये शेवटच्या मिनिटाची टिकटिक सुरू झाली. मास्तरांच्या तोंडून भलतंच निघालं. "तुझ्या पैशांनीच घात केलाय माझा! तुझी मदत नकोय मला. आजपासून काही म्हणजे काही पाठवायचं नाही!"

ताई म्हणाली, "बरं." आणि फोन बंद झाला.

मास्तरांनी रकान्यात लिहिलं, "कोणी नाही." अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. दाखला मिळाला, अर्ज गेला. गुरुवारी संध्याकाळी त्याची प्रत हातात पडली, वर शिक्का होता: शुल्क माफ, अपील दाखल. वकिलाने अख्ख्या बराकीला ती वाचून दाखवली. मास्तरांना मात्र आनंद कुठून सुरू करावा तेच कळेना.

रविवारी ताई आली. काचेपलीकडे बसली. दरवेळी तिच्या हातात काही ना काही असायचं, साबण, नाहीतर पैसे भरल्याची पावती. आज हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं. मास्तरांनी घाईघाईने प्रत काचेला लावली. ताई काचेवर बोट फिरवत वाचू लागली. शिक्का वाचून तिचा चेहरा उजळला. मग बोट खाली आलं आणि नातेवाइकांच्या रकान्यावर थांबलं.

"हे अक्षर तुझंच ना?" ती म्हणाली. "मीच गिरवून घेतलेलं."

"ताई, त्याचं असं झालं, आधी तीनशे दहा होते. मग तुझे नऊशे आले, त्यातले अर्धे..." सातशे साठपर्यंत ते नीट पोचले. तिथून पुढे त्यांचा स्वतःचाच गोंधळ उडाला.

"राहू दे. अपील गेलं ना?"

"गेलं."

"मग झालं तर." ताईने डोळे पुसले आणि काचेच्या जवळ सरकली. तिने खरंच विचारलं, चेष्टेने नाही. "पण मी अशी नुसती येऊन बसले तर चालतं ना रे? त्यानं नाही ना तू श्रीमंत होत?"