काजळी खोटं बोलली

मित्रांनो, पायाशी गवत माजलेलं, छातीला मुठीएवढं भोक पडलेलं, असं जे लाल धूड गोठ्यामागे उभं दिसतंय ना, ते मी! ट्रॅक्टर आहे मी. म्हणजे, होतो. हसू नका, एके काळी माझी ऐट काही औरच होती.

अमेरिकेत, आयोवातल्या ब्रुबेकरांच्या शेतावर मी नवाकोरा आलो, तेव्हा त्यांचा पोरगा लोवेल माझ्या मागच्या चाकाएवढाही नव्हता. मी मका पेरला, गवताच्या गंज्या ओढल्या, बर्फात रुतलेल्या शेजाऱ्यांच्या गाड्या बाहेर काढल्या. मग काचेच्या खोलीची मोठाली यंत्रं आली आणि मी म्हातारा ठरलो. पण लोवेलनं मला भंगारात घातलं नाही. त्यानं मला जत्रेच्या मैदानात उतरवलं! तिथं आमच्यासारख्या जुन्या ट्रॅक्टरांची वजन ओढायची शर्यत लागते, तिला म्हणतात ओढ. मागे एक लोखंडी घसरगाडी जोडतात. जसजसं पुढं जावं, तसतसं तिच्यावरचं वजन सरकत आपल्याच मानगुटीवर येतं. शेवटच्या झेंड्यापर्यंत जो पोचतो, त्याच्यासाठी बाकांवरची सगळी माणसं उभी राहतात. मी तिथवर कधीच पोचलो नव्हतो.

त्या वर्षी मैदानातला लोवेलचा शेवटचा उन्हाळा होता. पुढच्या वर्षीपासून माझ्यावर त्याची मुलगी मार्लिस बसणार होती. लहानपणापासून ती त्या दिवसाचीच वाट बघत होती.

आता जरा प्लगचं ऐका. माझ्या चार सिलिंडरांत चार स्पार्क प्लग, ठिणगी पाडायला. थंड जातीचा प्लग उष्णता झटकन बाहेर सोडतो. जड ओढीला तोच बरा. गरम जातीचा उष्णता धरून ठेवतो आणि अंगावरची काजळी जाळून टाकतो. कुठला घालायचा, ते जुना प्लग काढून त्याच्या टोकाच्या रंगावरून ठरवतात. तपकिरी असेल तर ठीक, काळा असेल तर फार थंड, आणि पांढराफटक असेल तर आत आग लागलीय समजा! पण रंग बघायचा तर ओढ संपते त्याच जागी इंजिन बंद करावं लागतं. रिकामं फुरफुरत परत आणलं, की काजळी चढते आणि खरा रंग झाकून जातो.

जुलैतल्या ओढीआधी मार्लिस म्हणाली, "बाबा, संपलं की तिथंच बंद कर हं. मी दोरी घेऊन येते."

"दोरी? अख्ख्या गावासमोर मला ओढत नेणार तू?"

कुंपणाला रेलून सँडविच खाणारा शेजारी क्लीटस खिदळला. "अगं, दोरी कशाला? शवपेटीच आण! म्हातारा आणि त्याचा डबा, दोघं एकदम जातील!"

झालं! लोवेल लालबुंद. ओढ संपल्यावर त्यानं टोपी हलवत मला फुरफुरत परत आणलं, रांगेत ताटकळत ठेवलं आणि मग प्लग काढला. काळाकुट्ट.

"बघ! थंड पडतायत. गरम घालू."

"बाबा, ही काजळी परत येतानाची आहे. ओढतानाची नाही."

"तू पाळण्यात होतीस, तेव्हापासून मी प्लग बघतोय, बाई."

मार्लिसनं गरम प्लगांचा खोका आणून दिला. आणि मी? ओढ संपताना चौथा प्लग पांढरा पडला होता, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठं आहे?

ऑगस्टच्या मोठ्या जत्रेत गरम प्लग घालून मी निघालो. सुरुवातीला काय धावलो म्हणून सांगू! मग वजन मानेवर आलं. चौथ्या प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल झालं. ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल भडकायला लागलं आणि वर येणाऱ्या पिस्टनवर घाव बसू लागले. मला येते ती एकच भाषा मी बोललो. टक, टक, टक.

कुंपणाकडेनं मार्लिस पळत होती. "बाबा, क्लच दाब, थांब! तो ठोकतोय! ऐकू येतंय ना तुला?"

त्याला ऐकू येत होतं. त्याचा पाय क्लचवर आला, ते मला कळलं. पण झेंडा अगदी समोर होता. त्यानं पाय दाबला नाही.

पिस्टन फुटला आणि त्याचा दांडा माझी छाती फोडून बाहेर आला. धुळीत काळं तेल सांडलं. झेंडा हाताच्या अंतरावर फडफडत राहिला.

शेवटी मला दोरीनंच नेलं, अख्ख्या गावासमोर. दोरीचं एक टोक क्लीटसनं धरलं होतं. माझ्यापुढं चालताना त्यानं टोपी काढून काखेत धरली होती.

शेडमध्ये मार्लिसनं चौथा प्लग काढला. टोक वितळून गेलं होतं.

"म्हण ना," लोवेल म्हणाला. "म्हण, मी सांगितलं होतं म्हणून."

"इंजिनाचा असा सांगाडा आता कुठं मिळत नाही, बाबा." एवढंच बोलून तिनं हात पुसले.

माझे टायर, रेडिएटर, स्टिअरिंग एकेक करून दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरांत गेले. लोवेल गोठ्यात येतो, पण मागच्या दारानं येत नाही. मार्लिस जत्रेलाच जात नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी ओझं ओढत असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस. ते घरी येऊन टेकल्यावर "बरंय ना?" म्हणून विचारू नका. तेव्हा सगळेच बरे दिसतात. ऐन चढावर, ओझ्याखाली असताना त्यांच्याकडे बघा. आणि ठोका ऐकू आला, तर चारचौघांत लाज वाटली तरी वाटू द्या, पण तिथल्या तिथं थांबा. लाज चार दिवसांत विसरली जाते हो. फुटलेली छाती काही सांधता येत नाही.