शिक्क्याचा कोपरा

शिक्काबाईला या व्यवहारात मिळणार होतं ते एवढंच: भावाच्या घरात बसायला एक खुर्ची आणि भावजयीच्या तोंडून ‘वन्सं’ अशी हाक. बाजारात दोन्हींची किंमत शून्य. पण सहा वर्षं ज्याला कुणी हाक मारलेली नाही, त्याला भाव विचारावा.

सहा वर्षांपूर्वी, आई गेली त्या आठवड्यात, चार नातेवाइकांसमोर ती बोलून गेली होती, “वहिनीने वेळेवर खायला घातलं असतं, तर आई आज असती.” हे खोटं आहे हे तिला बोलतानाच कळलं होतं. पण सुटलेलं वाक्य आणि हातातून निसटलेली काच, अर्ध्यावर झेलता येत नाही. वहिनी भांडली नाही. तिने बोलणं टाकलं. भावानेही बायकोची री ओढली.

काचेची उपमा तिला शोधावी लागत नसे. गाड्यांच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षं ती काचेच्या कोपऱ्यात शिक्का उठवत होती. पत्र्याचा छाप ठेवायचा, वाळूचा फवारा मारायचा, की नखाएवढ्या जागेत सगळं उमटायचं: बनवणाऱ्याचं नाव, काचेचा प्रकार, मानकाचा नंबर आणि महिन्याचे ठिपके. हा शिक्का नसेल तर गाडी तपासणीत पास होत नाही. दुसरीकडे लोक नाव राखायला आयुष्य घालवतात. इथे शिक्काबाई मिनिटाला चार नावं ठेवायची.

गंमत अशी, की शिक्का उठवायचा तो काच कच्ची असतानाच. मग ती भट्टीत जाते, तापते, गार वाऱ्याचा मारा खाते आणि टफन्ड होते. फुटलीच तर खडीसाखरेसारखे बोथट दाणे होतात, पातं होत नाही. म्हणजे कोपऱ्यात ‘टफन्ड’ लिहून झालेलं असतं आणि काचेला अजून त्याचा पत्ता नसतो. निकालाआधीच प्रगतिपुस्तक.

“तू नाव ठेव,” भट्टीवाला म्हणायचा, “वळण मी लावतो.”

म्हणून तिथे एक नियम होता. शिक्का बसल्यावर एखाद्या काचेच्या कडेचा टवका उडालेला दिसला, तर ती भट्टीत तडकणार; तिला बाद करायचं. आणि बाद काच भंगारात टाकण्याआधी शिक्केवालीने स्वतःच्या हाताने हातोडीने शिक्क्याचा कोपरा फोडायचा. आधी नाव मारायचं, मग काच.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाऊ फाटकाशी उभा राहिला. सहा वर्षांत त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

“ताई, एक काम होतं.”

“कामाशिवाय कोण येतंय?”

“मार खरं तर चपराक, पण ऐक. गाडीची डाव्या दाराची काच गेलीय. सोमवारी तपासणी. जुनं मॉडेल म्हणून दुकानात मिळत नाही. तुमची पुढची खेप म्हणे दोन महिन्यांनी. तोवर गाडी उभी राहिली तर हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी कोण पोचवणार? आणि... तिनेच पाठवलंय मला. म्हणाली, तुमच्या बहिणीला विचारा.”

त्या मॉडेलची गेल्या खेपेची एक काच बाद ढिगाऱ्यात उभी होती. कडेला तांदळाएवढा टवका. शिक्का ठसठशीत. कोपरा फोडायचा राहिला होता.

काच कच्ची आहे हे तिला माहीत होतं. चौदा वर्षांत दुसरं काही माहीतच नव्हतं. पण माणूस हिशेब करतो तो आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत. दाराची तर काच, तीही जुन्या गाडीची, सपाट. गाडी चालते गोगलगाईसारखी. वारा अडला म्हणजे झालं. संध्याकाळी तिने काच एप्रनमध्ये गुंडाळून काखेत घेतली.

“काय नेतेस शिक्काबाई?” पहारेकरी म्हणाला.

“भंगार.”

त्या सबंध व्यवहारात ती खरं बोलली ते एवढंच.

सोमवारी तपासनिसाने वाकून शिक्का वाचला आणि गाडी पास केली. रविवारी तिला बोलावणं आलं. वहिनीने खुर्ची पुसून पुढे केली.

“बसा, वन्सं. साखर किती? तेवढं कपाळाच्या कोपऱ्यात छापून ठेवा, म्हणजे दर वेळी विचारायला नको.”

शिक्काबाई इतकी हसली, की चहा बशीत सांडला. जुनं बोलणं कुणी काढलं नाही. वहिनी हॉटेलांच्या फाटक्या चादरी शिवत बसायची. तिचे टाके इतके बारीक, की कपडा फाटला होता यावर विश्वास बसू नये. पाच महिने, दर रविवारी, दोघी जुन्या चादरींत नवीन गप्पा मारत.

सहाव्या महिन्यात धुलाईघराच्या आवारात गाडी मागे घेताना घसरली आणि फाटकाच्या खांबाला डाव्या बाजूने टेकली. चालत्या माणसाचा वेग. दाराला खरचटलं. काचेची मात्र हातभर पाती झाली. वहिनी त्या बाजूला बसली होती. तोंड वाचवायला तिने उजवा हात आडवा धरला.

दवाखान्यात तिचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. तीन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. ती मिटणार नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले होते.

“रडू नका, वन्सं,” वहिनी म्हणाली. “मी यांना म्हटलंसुद्धा, तुमच्या बहिणीने चांगली काच दिली म्हणून हातावर निभावलं. साधी असती तर मान गेली असती.”

शिक्काबाईने तिच्या पायांवरचं पांघरूण उगाचच सारखं केलं.

आठवड्याने तपासनीस कारखान्यात आला. पिशवीतून त्याने काचेचा एक अखंड कोपरा काढून टेबलावर ठेवला. “शिक्का म्हणतो टफन्ड. काच म्हणते साधी. दोघांपैकी एक खोटारडा आहे.”

सगळे भट्टीवाल्याकडे बघू लागले. त्याची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. “माझी भट्टी कच्ची काच सोडत नाही, साहेब,” तो म्हणाला. त्याची नोंदवही जप्त करायला माणूस उठला.

“बसा,” शिक्काबाई म्हणाली. “ती भट्टीत गेलीच नव्हती. कोपरा मी फोडायचा होता.”

त्याच दुपारी ती भावाकडे गेली आणि दारात उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

“ताई, तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मला म्हणाली असतीस तर खिडकीला पुठ्ठा लावून फिरलो असतो!”

वहिनी डाव्या हाताने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. दोरा दोनदा चुकला. मग तिने सुई खाली ठेवली.

“पाच महिने मी आधीचं विसरत होते,” ती म्हणाली. “एवढी मेहनत कशाला घेतली मी?” आणि थोड्या वेळाने, “बाई, तुम्ही जा आता.”

खुर्ची रिकामी होती. कुणी पुढे केली नाही.

आता कुणाला काय पडलं ते मांडायचं, तर कारखान्याने नियम बदलला. कोपरा हल्ली दोन माणसांसमोर फोडतात. तपासनिसाचा अहवाल चार पानी झाला. भट्टीवाला वेळेवर निवृत्त झाला, भिंतीवरचं घड्याळ घेऊन. भावाने दोन महिने थांबून खरी काच बसवली. शिक्काबाईची नोकरी गेली, हाक गेली. पण जे उचललं त्याचं मोल उचलणाऱ्यानेच द्यावं, त्यात कुरकुर कसली. उरली वहिनी. तिला या व्यवहारात मिळायचं काहीच नव्हतं. तिने फक्त नवऱ्याला ‘बहिणीला विचारा’ म्हटलं होतं आणि चहा पुढे केला होता. सगळ्यांत जास्त तिनेच भरलं. उजव्या हाताची तीन बोटं. चादरी ती अजून शिवते, डाव्या हाताने. टाके मोठे पडतात, आणि कुठे फाटलं होतं ते आता लांबूनही दिसतं.