वाकळेचा शेवटचा घास

मित्रांनो, मी भवानी पेठेतली एक जुनी वाकळ आहे, आणि अगदी परवापर्यंत मी उपाशी होते. हसू नका! वाकळेलाही पोट असतं.

मला शिवलं मल्लव्वानं. जुनी इरकली लुगडी, धोतराचं अस्तर, एक फाटका परकर, हाताला लागेल ते तिनं घेतलं. टाका इतका बारीक की शेजारणी मला मुद्दाम उलटून बघायच्या. वाकळ होत आली की चारही कोपऱ्यांना तिकोनी तुकडे लावतात, त्यांना घास म्हणतात. शेवटच्या घासात पोळीचा एवढासा तुकडा ठेवून टाका घातला, की वाकळेचं पोट भरलं. माझे तीन घास लागले आणि मल्लव्वानं सुई खोचून ठेवली. "चौथा हिच्या लग्नात," असं तिनं सांगून टाकलं. ही म्हणजे तिची भाची, शिवलीला. आई गेल्यावर मल्लव्वानंच तिला वाढवलं.

शिवलीलानं लग्न काही केलं नाही. ती कादंबऱ्या लिहू लागली. जुन्या काळातल्या बायांच्या. कुणी गाणारी, कुणी चित्रं काढणारी. लिहायला बसायची ती माझ्यावरच. शाई सांडली, चहा सांडला, मी सगळं पोटात घातलं. गावोगावी सत्कार झाले, घरात शालींचा ढीग लागला. मल्लव्वा मात्र म्हणायची, "शाली लई झाल्या. वाकळ उपाशीच हाय की." शिवलीला हसून सोडून द्यायची, पण मग बराच वेळ माझा तो रिकामा कोपरा चाचपत बसायची. मला दोघींचा रागही यायचा आणि कीवही.

परवा तिची नवी कादंबरी छापून आली. मल्लव्वाला वाचता येत नाही, म्हणून शिवलीला तिला वाचून दाखवत होती. त्यातली बाई देवळाची अख्खी भिंत रंगवते. गाव भिंतीची वाहवा करतं, आणि घरचे तिला एवढंच विचारतात, भाकरी कधी थापणार?

"घरचं कुणीच बरं म्हटलं न्हाय व्हय तिला?" मल्लव्वानं विचारलं.

"नाही मावशी. कुणीच नाही."

 मल्लव्वानं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "शेंगापोळी हाय का गं डब्यात?"

"भूक लागली?"

"मला न्हाय. हिला."

शिवलीलानं डबा पुढे ओढला. "पण मावशी, लग्न कुठं झालंय माझं?"

"गप बस! एवढ्या बायांचे संसार मांडलेस की. सुईत दोरा ओवून दे तेवढा, मला दिसत न्हाय."

असा माझा चौथा घास लागला. टाके वाकडेतिकडे पडलेत, पण ते मी कुणाला उसवू देणार नाही!

मित्रांनो, तुमच्या घरी वाकळ असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि घरात कुणी जीव ओतून काही करत असेल, तर त्याला बरं म्हणायला लग्नकार्याची वाट बघू नका. शेंगापोळी डब्यात असतेच की.