काळ्या कार्डाचे बाबा

रेल्वेच्या टँकरमधून विषारी वायू गळला तर काय करायचं, याचा सरकारी आराखडा आराखडेबाईंनी लिहिला होता. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण आराखड्याच्या नादात ते ऑफिसात कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

आज मालधक्क्यावर त्या आराखड्याची मॉक ड्रिल होती. जखमी म्हणून झोपायला माणसं कमी पडली, तेव्हा बाईंनी वडिलांना आणलं. बाबांना जन्मभर नाटकाचं वेड, पण मिळालेली सगळ्यात मोठी भूमिका पहारेकऱ्याची, तीही पडद्यामागून. म्हातारपणी त्यांना उगाच कुणी हिसडे देऊन उचलू नये म्हणून लेकीने त्यांच्या मनगटाला काळं कार्ड बांधलं. लाल कार्ड म्हणजे गंभीर, आधी उचला. काळं म्हणजे गेलेला, सगळ्यात शेवटी.

बाबा शेडच्या सावलीत आडवे झाले आणि मेलेल्या माणसाच्या भूमिकेत त्यांनी प्राण ओतला.

शेजारच्या रुळावर शंटिंग चाललं होतं. ड्रिल बघायला इंजिनाच्या ड्रायव्हरने मान वळवली आणि इंजिन अमोनियाच्या खऱ्याखुऱ्या टँकरवर आदळलं. फुस्स आवाज झाला. पांढरा धूर शेडच्या दिशेने सरकू लागला. मोठ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावून, वास अगदी हुबेहूब आणलाय म्हणत बाईंची पाठ थोपटली. हे खरं आहे, असं बाईंनी सांगितलं, तर साहेब म्हणाले, संवादही छान लिहिलेत. बाईंनी कंट्रोल रूमला फोन लावला, तर तिथून कळलं की आजच्या तारखेला या जागी एक अपघात आधीच नोंदवलेला आहे. शेवटी साहेबांना खोकल्याची उबळ आली आणि मग सगळं पटलं. माणसं वाऱ्याच्या उलट दिशेला पळाली. बाबा सोडून.

बाई नाकावर ओला पदर धरून शेडकडे धावल्या.

"बाबा, उठा. खरंच गळलंय."

"मेलेल्याशी बोलू नकोस," बाबा ओठ न हलवता म्हणाले. "लोक बघतायत."

बाईंनी हात धरून ओढलं, तसं बाबांनी अंग आणखी सैल सोडलं. एकटीला ते हलेनात. तेवढ्यात मास्क लावलेले दोन स्ट्रेचरवाले आले, कार्ड बघून वळले.

"काळं शेवटी, मॅडम. तुम्हीच पाठ करून घेतलंत."

हे माझे वडील आहेत, असं बाईंनी सांगून पाहिलं. त्यावर दोघांतल्या धाकट्याने आठवण करून दिली, की नातेवाइकांच्या रडण्याकडे लक्ष देऊ नये, असंही आराखड्यात आहे. होतं खरं. बाईंना ते वाक्य लिहिताना फार आवडलं होतं.

त्यांनी बाबांच्या मनगटावरचं काळं कार्ड तोडलं आणि कमरेला खोचलेलं लाल बांधलं. क्षणात बाबा स्ट्रेचरवर.

"मला न विचारता भूमिका बदललीस?" बाबांनी एक डोळा उघडून विचारलं, आणि लगेच कण्हायला लागले. खोकला मात्र त्यांचा स्वतःचा होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर पहिलंच कार्ड बरोबर ठरलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

अहवालात बाईंनी लिहिलं: मृत एक, तो संध्याकाळी घरी गेला.

रात्री जेवताना बाबांनी भात कालवला. मग म्हणाले, "चांगला मेलो होतो गं."

"हो बाबा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पेल्यात पाणी ओतताना निम्मं टेबलावर सांडलं.