हरभऱ्याची आंब

भय्यासाहेबांना पाकिटातलं काही चालत नसे. टीव्हीवर रोज नव्या सूपच्या, तयार मसाल्यांच्या जाहिराती लागत, शेजारणी हौसेनं ती पाकिटं आणत. पण मंगलाच्या या सासऱ्यांचं म्हणणं एकच : ज्या दिवसांत जे उगवतं ते खावं, आणि सकाळी तोडलेलं दुपारी ताटात असावं. त्यामुळे मंगला रोज सकाळी उज्जैनच्या फ्रीगंजातल्या भाजीबाजारात जाई. तिथे शेवटाला खेड्यांतल्या बाया पोती अंथरून बसत. त्यांतल्या कंकूबाईकडून ती सात-आठ वर्षं भाजी घेत होती.

पौषातली गोष्ट. कंकूबाईच्या टोपलीत हरभऱ्याचा कोवळा पाला होता.

"आज ही तोड़ी है, बाई. बाबूजी को खिलाना," ती म्हणाली आणि मूठभर वर घातला.

हरभऱ्याच्या पानांवर आंबट खार असतो. पाला धुतला की ती आंब जाते, म्हणून भय्यासाहेब तो धुवू देत नसत. मंगलानं नेहमीसारखा नुसता निवडला, बारीक चिरला, लसणाची फोडणी करून डाळीचं पीठ लावून शिजवला. वसंत, तिचा नवरा, डबा घेऊन बँकेत गेला होता. भय्यासाहेबांनी मक्याच्या गरम भाकरीबरोबर ती भाजी दोनदा मागून खाल्ली.

"आता खरी थंडी आली बघ, सुनबाई," ते म्हणाले.

मंगला आपलं ताट वाढून घेत होती, तेवढ्यात त्यांना उमासा आला. मग उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ थांबेना, अंग घामानं भिजलं, हातपाय थरथरू लागले. शेजाऱ्यांनी ऑटो आणला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "काय खाल्लं यांनी? हे फवारणीच्या औषधाचं विष आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताना भय्यासाहेब गेले.

वसंत रडला नाही. शवविच्छेदनासाठी थांबायचं होतं तेवढ्या वेळात तो तडक ठाण्यात गेला आणि शिपायाला घेऊन बाजारात. कंकूबाई नुकतीच येऊन टोपली सोडत होती. तिला तशीच उठवून ठाण्यात नेलं. मंगलाला हे घरी कळलं, आणि तिला बरं वाटलं. कोणाला तरी धरलं पाहिजे असं तिलाही वाटत होतं.

पुढे केस उभी राहिलीच नाही. शेत दुसऱ्याचं होतं. पाला खुडण्याच्या आदल्या दिवशी मालकानं अळीवर नवीन औषध मारलं होतं. खुडायला येणाऱ्या बायांना ते सांगायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. पोलिसांनी कंकूबाईला रात्री सोडून दिलं.

तेरावं झाल्यावर मंगला पहिल्यांदा बाजारात गेली. कंकूबाई जागेवर बसलेली पाहून तिला एकदम संताप आला.

"तू अजून इथं बसतेस? शरम नहीं आती? माझ्या सासऱ्यांना खाल्लंस तू!"

कंकूबाईनं वर पाहिलं. तिचा चेहरा सुकून गेला होता.

"गाली दो बाई, मैं सुनूँगी," ती म्हणाली. "मेरी रेशम भी गई."

रेशम तिची सून. कधीमधी कडेवर पोर घेऊन बाजारात यायची, मंगलानं तिला पाहिलं होतं.

"कशी?"

"उसी भाजी से. बची थी, घर ले गई थी. मेरा उपवास था. रात को लड़का काम पे था, रेशम ने थोड़ी खाई, बोली सिर घूम रहा है. मैं समझी, ठंड लगी होगी. सवेरे मैं इधर आ गई."

"मग?"

"थाने में पहली बार सुना कि भाजी में जहर था. मैंने थानेदार साहब के पाँव पकड़े. बोली, मुझे बंद रखो, मगर किसी को गाँव भेज दो. घर में वो भाजी ढकी पड़ी है, रेशम दोपहर को खाएगी. तुम्हारे साहब भी वहीं खड़े थे. कोई नहीं गया."

मंगलानं विचारलं, "भाजी धुतली नव्हती का?"

"चने की भाजी कौन धोता है, बाई," कंकूबाई म्हणाली.

मंगला रिकामी पिशवी घेऊन घरी आली. वसंत कपडे करून बँकेत निघाला होता, खुर्चीवर वाकून बूट घालत होता.

"ठाण्यात कंकूबाई तुमच्यासमोर रडत होती?"

वसंतनं बुटाची नाडी सोडून दिली. त्याला प्रश्न कळला होता.

"मला वाटलं, सुटायला बहाणा करतेय. बाबांना जाऊन दोन तास झाले होते, मंगला. मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं."

"तुमची स्कूटर होती. गाव नदीपलीकडे."

"माहीत आहे मला."

"तिची सून मेली."

तो तसाच वाकून बसून राहिला. त्या दिवशी तो बँकेत गेला नाही. दुपारी म्हणाला, "आपण जाऊन येऊ."

स्कूटर न काढता दोघं बसनं तिच्या गावी गेली. कंकूबाईचा मुलगा ओट्यावर बसून पोराला दूध-पोळी भरवत होता. वसंतला पाहताच तो उठला. कंकूबाईनं त्याला ठाण्यातलं सगळं सांगितलेलं दिसत होतं. आतून ती आली, पण दारातच थांबली.

वसंतनं हात जोडले. "भैया, गलती हो गई. मैंने सुना था. मैंने माना नहीं."

मुलानं हातातला घास पोराच्या तोंडात घातला, तोंड पुसलं.

"जाओ साहब," तो म्हणाला. "माँ, किवाड़ लगा."

कंकूबाईनं मंगलाकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. आत पोर रडायला लागलं.

रस्त्यावर दोघं बसची वाट बघत उभी राहिली. दोन्ही बाजूंना हरभरा होता, घाटे धरलेला. वसंत काहीतरी बोलायला गेला, पण मंगलानं मान फिरवली. बस आल्यावर ती बायकांमध्ये जाऊन बसली. वसंत मागे दांडा धरून उभा राहिला, आणि उज्जैन येईपर्यंत तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.